तारखेला न आलेल्या लेकरांनी शिकवलेलं

दिग्रसच्या आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांवरून लेकराला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे दारव्ह्यावरून यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठायचं. एक फेरी कशीबशी होते. पुढच्या तारखेला मात्र बरीच लेकरं येत नाहीत. बालरोगाच्या ओपीडीत शिकताना आणि नंतर या भागात काम करताना पटलेल्या या गोष्टी.

१. तारीख देण्याआधी शेतातलं काम विचारा. सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? “ताई, कोणत्या दिवशी जमेल?” एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

२. केसपेपरवरचे आकडे आजीला वाचता येत नाहीत. “पोळ्यानंतरचा सोमवार”, “घंटीबाबाच्या यात्रेनंतर” असं सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या.

३. फिटचं औषध तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीचं द्या. तारीख हुकली तरी डोस हुकू नये. औषध एकदम बंद झालं की झटके पुन्हा येतात, कधी थांबतच नाहीत.

४. उशिरा आलेल्या आईवर रागावू नका. बोलणी खाल्लेली आई पुढच्या वेळी येतच नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींपैकी एखादी लांबली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिली तिथून पुढे द्यायची. हे तिला आधी सांगा. लसीनंतर ताप येऊ शकतो, हेही सांगा. त्या तापाला घाबरूनच कित्येक घरं पुढचा डोस टाळतात.

५. शिकणाऱ्या डॉक्टरांच्या ड्यूट्या बदलतात. आईला दर वेळी नवा चेहरा दिसतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून पुढच्या डॉक्टरसाठी दोन ओळी स्वच्छ अक्षरात लिहा: काय ठरलं, काय बघायचं. जमेल तिथे लेकराची तारीख आपल्याच ओपीडीच्या दिवशी ठेवा.

६. ओपीडी संपली की न आलेल्यांची यादी काढा आणि त्या गावच्या आशाताईला फोन लावा. कुटुंब ऊसतोडीला गेलंय की लेकरू जास्त आजारी आहे, हे तिला ठाऊक असतं. तपासलेल्या लेकरांइतकीच न आलेलीही आपली जबाबदारी आहेत. शिकाऊ डॉक्टरला स्टेथोस्कोप धरायला शिकवतो, तसंच ही यादी काढायलाही पहिल्या महिन्यापासून शिकवलं पाहिजे.