आधी कागदाचे विमान

(दूरनियंत्रकावर चालणारे छोटे विमान उडवणे हा एक छंद आहे. हे कौशल्य पायरीपायरीने कसे शिकावे, ते या पाठात सांगितले आहे.)

आमचे मानवत कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या, की गावाबाहेरची शेते मोकळी होतात. अशाच एका शेतात मी माझे पहिले छोटे विमान उडवले. अनेक महिने पैसे साठवून मी ते घेतले होते. ते वर गेले, माझ्याकडे वळले आणि जमिनीवर आपटले. पंख मोडला. विमान चांगले होते. घाई माझीच होती.

मग मी राइट बंधूंची गोष्ट पुन्हा वाचली. १८७८ मध्ये वडिलांनी त्यांना रबराच्या ताकदीवर उडणारे एक खेळणे दिले होते. मोठेपणी विमान बनवताना त्यांनी एकदम इंजिन लावले नाही. १९०० ते १९०२ या काळात त्यांनी बिनइंजिनाची विमाने उडवून तोल सांभाळण्याचा सराव केला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान उडाले. पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे होते! त्याच दिवशी चौथे उड्डाण ५९ सेकंद टिकले.

मुलांनो, तुम्हीही कागदाच्या विमानापासून सुरुवात करा. नंतर थर्मोकोलचे बिनइंजिनाचे विमान हाताने सोडा. ते नाक खाली करून पडले, तर पुढे वजन जास्त आहे. नाक वर करून थबकले व मग पडले, तर मागे वजन जास्त आहे. अशा वेळी नाकाला थोडी चिकणमाती लावून तोल साधा.

मग दूरनियंत्रक हाती घ्या. त्यावरील दांड्यांनी विमानाचा वेग बदलतो, नाक वर-खाली होते आणि विमान डावी-उजवीकडे वळते. विमान दूर जात असताना हे सोपे वाटते. ते आपल्याकडे येऊ लागले, की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. माझी चूक इथेच झाली. म्हणून एक युक्ती लक्षात ठेवा. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी सरकवा. विमान सरळ होते. याचा सराव संगणकावरही करता येतो. तिथे पंख मोडत नाही!

वारा शांत असेल तेव्हाच विमान उडवा. वाऱ्याच्या समोर सोडा आणि वाऱ्याच्या समोरच उतरवा. पुरेशी उंची ठेवा. म्हणजे चूक सुधारायला वेळ मिळतो. विजेच्या तारा, रस्ते, माणसे, गुरे आणि विमानतळ यांपासून दूर राहा. फिरत्या पंख्याजवळ बोटे नेऊ नका. सोबत जाणकार मोठे माणूस हवेच. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातही छोटी विमाने बनवण्याचे व उडवण्याचे शिक्षण मिळते.

मोडलेला पंख मी चिकटवला आणि पुन्हा कागदाच्या विमानापासून शिकलो. काही महिन्यांनी तेच विमान त्याच शेतात अलगद उतरले. पंखावरचा सांधा आजही दिसतो. तो पाहिला, की मी घाई करत नाही.

शब्दार्थ
दूरनियंत्रक – लांबून यंत्र चालवण्याचे साधन, रिमोट
पऱ्हाटी – कापसाचे झाड
थबकणे – एकदम थांबणे
अलगद – हळूच, धक्का न लागता
सांधा – जोड

स्वाध्याय
१. लेखकाचे पहिले विमान का आपटले?
२. राइट बंधूंनी इंजिन लावण्याआधी कशाचा सराव केला?
३. कागदाचे विमान बनवून उडवा. ते कसे पडले, ते पाच वाक्यांत लिहा.