फळमाशी आणि परदेशचा बाजार

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्या आयातीस बंदी केली. काही मालात फळमाशीसारख्या किडी आढळल्या होत्या. दोष थोड्यांचा, तोटा मात्र सर्वांचा झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानुसार असे निर्बंध शास्त्रीय आधारावरच घालावयाचे असतात. कीड रोखण्याची सुधारलेली व्यवस्था पाहून २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्यात आली.

कर्जत-खालापूरकडील कारली-पडवळ लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांनी यावरून बोध घ्यावा. माशी बांध ओळखत नाही. किडकी व गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. क्यू-ल्युरचे कामगंध सापळे साऱ्या शिवारात एकाच वेळी लावावेत. एकट्याचा सापळा पुरा पडत नाही.