मेंदूची तटबंदी आणि रक्ताची साक्ष

शरीरात अन्यत्र गाठ उद्भवली, तर तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो व गरज पडल्यास ही परीक्षा पुन्हाही करता येते. मेंदूच्या बाबतीत मात्र त्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागते. एम. आर. आय. यंत्राची प्रतिमाही नेहमी निर्णायक ठरत नाही. किरणोपचारानंतर गाठीच्या जागी वाढ दिसू लागली, तर ती उपचाराने आलेली सूज की अर्बुदच पुन्हा वाढू लागले, हे केवळ प्रतिमेवरून सांगणे पुष्कळदा कठीण असते. उपचार चालू ठेवावा की बदलावा, हे तर याच उत्तरावर अवलंबून असते.

इतर अवयवांतील अर्बुदांच्या मृत पेशींमधून डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात व तेथे ते ओळखता येतात. मेंदूतील अर्बुदांचे असे तुकडे रक्तात फारच थोडे सापडतात. असे का व्हावे? १८८५ साली पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. या वेळी मेंदू रंगला, बाकीचे शरीर नाही. मेंदू व रक्त यांच्यामध्ये तटबंदी आहे आणि ती दोन्ही दिशांनी अडविते, हे यावरून दिसून आले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्तींमधील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात; हीच ती तटबंदी होय.

ती थोडा वेळ सैल करण्याचे एक साधन म्हणजे श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी. भिंगाने उन्हाचे किरण एकवटावेत, त्याप्रमाणे या लहरी कवटीतून नेमक्या जागी एकवटतात. तत्पूर्वी रुग्णाच्या शिरेत तांबड्या रक्तपेशींहूनही लहान असे वायूचे बुडबुडे सोडलेले असतात. लहरींच्या योगाने ते आकुंचन-प्रसरण पावतात, भित्तींना हलके धक्के देतात आणि पेशींमधील सांधे सैल होतात. साधारणतः दिवसभरात ते पूर्ववत जुळतात. कुलेर्व्हो हिनिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सशांवरील प्रयोगांत हे दाखविले. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात अर्बुदापर्यंत औषध पोहोचविण्यासाठी ही रीत रुग्णावर योजण्यात आली.

परंतु ज्या वाटेने औषध आत जाते, त्याच वाटेने अर्बुदाच्या खुणा बाहेरही येऊ शकतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हाँग चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर, शस्त्रक्रियेने अर्बुद काढण्यापूर्वी, हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ध्वनी सोडण्यापूर्वीचे व नंतरचे रक्त ताडून पाहता अर्बुदाच्या डीएनएचे प्रमाण वाढलेले आढळले. एका विशिष्ट उत्परिवर्तनाच्या बाबतीत ही वाढ ५.६ पटींपर्यंत गेली.

पाच रुग्णांवरून सर्वसाधारण नियम ठरत नाही, हे उघड आहे. शिवाय रक्तात खूण न सापडणे म्हणजे अर्बुद नसणे, असेही नव्हे. तथापि मेंदूतील तुकडा वारंवार काढता येत नाही, रक्त मात्र वारंवार घेता येते. या पद्धतीचे महत्त्व आहे ते यातच.