निःशस्त्र सैनिक

शस्त्रावाचून रणांगणावर जाणारा सैनिक ही कल्पनाच विचित्र वाटते. परंतु दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असा एक तरुण खरोखरच होता. त्याचे नाव डेस्मंड डॉस. त्याच्या जीवनावर मेल गिब्सन या दिग्दर्शकाने २०१६ साली ‘हॅकसॉ रिज’ हा चित्रपट काढला.

डेस्मंडचा जन्म १९१९ साली व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे झाला. त्याचे घराणे मोठे धर्मनिष्ठ होते. मनुष्यहत्या निषिद्ध मानणारी धर्माज्ञा त्याच्या मनावर बालपणीच कोरली गेली. पुढे तो जहाजांच्या कारखान्यात काम करू लागला. त्या कामामुळे त्याला सैन्यातून सूट मिळू शकत होती. ती न घेता १९४२ साली तो सैन्यात गेला, तो जखमींची शुश्रूषा करण्यासाठी. बंदुकीला मात्र तो हात लावीना.

सोबत्यांनी त्याला भित्रा ठरविले. तो प्रार्थनेला बसला की ते त्याची टवाळी करीत. वेडा ठरवून त्याला घरी पाठविण्याचाही अधिकाऱ्यांनी प्रयत्न केला. चित्रपटाचा बराचसा भाग या छळानेच व्यापला आहे, आणि ते योग्यच आहे. कारण डेस्मंडच्या धैर्याची पहिली परीक्षा शत्रूने नव्हे, स्वकीयांनीच घेतली. ग्वाम व फिलिपाइन्स येथे त्याने केलेली सेवा मात्र चित्रपटात आलेली नाही.

१९४५ च्या मे महिन्यात ओकिनावा बेटावरील एका उंच कड्यावर घनघोर लढाई झाली. या कड्यालाच अमेरिकन सैनिक ‘हॅकसॉ रिज’, म्हणजे करवतीचा कडा, म्हणत. जपानी सैन्याच्या माऱ्यापुढे अमेरिकन तुकडीला माघार घ्यावी लागली. घायाळ सैनिक माथ्यावरच राहिले आणि त्यांच्याजवळ डेस्मंड राहिला. एकेकाला ओढीत तो कड्याच्या काठाशी आणी, दोरीच्या दुहेरी फाशात त्याचे पाय अडकवी, छातीभोवती वेढा देई आणि हळूहळू खाली सोडी. मग आणखी एकाला वाचविण्याचे बळ देवाजवळ मागून तो पुन्हा मागे वळे. असे किती जण त्याने उतरविले? तो स्वतः पन्नास म्हणे, अधिकारी शंभर म्हणत; अखेर पंचाहत्तर हा आकडा नोंदला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च सैनिकी पदक मिळाले.

एक प्रसंग मात्र चित्रपटात दाखविलेला नाही. काही दिवसांनी हातबाँबच्या स्फोटाने डेस्मंडचे पाय जखमी झाले. त्याला डोलीवरून नेत असता वाटेत अधिक घायाळ झालेला एक सैनिक दिसला. डेस्मंड डोलीवरून खाली उतरला आणि त्याने ती त्याला देवविली. डोली परत येण्याची वाट पाहत असताना एका गोळीने त्याच्या हाताचे हाड मोडले. जवळच एक बंदूक पडली होती. तिचा लाकडी दस्ता त्याने मोडक्या हाताला बांधला आणि तो तीनशे यार्ड सरपटत उपचारकेंद्राकडे गेला.