मत्स्यपेटीच्या वाळूत राहणारी गोगलगाय

वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत जी गोगलगाय बहुधा नव्या रोपांच्या मुळांतून, कोणी न मागता येते, ती म्हणजे मलेशियन ट्रम्पेट स्नेल. मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही जात १७७४ मध्ये डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ऑटो फ्रीडरिख म्युलर यांनी प्रथम वर्णिली असून भारतातील गोड्या पाण्यातही ती मूळचीच आहे. निमुळत्या, पीळदार शंखाची ही गोगलगाय दिवसा वाळूत पुरून राहते आणि दिवे मालवल्यावर वर येऊन उरलेले खाद्य, शेवाळ व कुजकी पाने खाते. तिच्या हालचालीने तळाची वाळू घट्ट बसत नाही, हा तिचा खरा उपयोग. निरोगी पाने ती सहसा कुरतडत नाही, त्यामुळे पानांना छिद्रे दिसताच तिला दोष देण्याआधी पोटॅशियमची उणीव आहे का, हे पाहणे योग्य ठरते.

तिची वाढ मात्र पाळणाऱ्याला चकित करते. या जातीत अनिषेकजनन, म्हणजे नराशी संयोग न होता होणारे प्रजनन, सर्रास आढळते आणि मादी अंडी बाहेर न घालता शरीरातील पिशवीत वाढवून शंखासह पूर्ण तयार झालेली पिल्ले सोडते. म्हणून एकच मादीही पेटी भरून टाकण्यास पुरेशी असते. संख्या वाढते ती खाद्य वाढल्यामुळे, आणि नेमके हेच लक्षात न घेता अनेक जण तांबेयुक्त औषध ओततात. शंखाचे तोंड बंद करणाऱ्या झाकणामुळे काही गोगलगायी तगतात, बाकीच्या वाळूच्या आत मरून कुजतात, त्यातून निर्माण होणारा अमोनिया गाळणयंत्रातील जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातो आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते मासेच दगावतात. कोळंबीला तर तांबेच घातक असते. हा अपघात पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा, रात्री उकडलेल्या काकडीची चकती ठेवून सकाळी तीवर जमलेल्या गोगलगायींसह काढावी आणि काही आठवडे धीर धरावा. वाळूखाली पोषक मातीचा थर असेल तर वरचा थर जाड ठेवावा, अन्यथा गोगलगायी माती उकरून पाणी गढूळ करतात. त्या भरदिवसा घोळक्याने पृष्ठभागाकडे चढू लागल्या तर मात्र पाण्यातील प्राणवायू व अमोनिया तत्काळ तपासावा.

काढलेल्या गोगलगायी, वाळू किंवा रोपे नदीत, तळ्यात अथवा विहिरीत कधीही टाकू नयेत: मत्स्यव्यापारातून अमेरिका खंडांत पोचलेली ही जात तेथील नैसर्गिक पाण्यात पसरली असून ती माशांना बाधणाऱ्या परजीवी चपट्या कृमींचीही वाहक आहे.