माजाचे चक्र, संप्रेरके आणि गर्भाशयातील बदल

गाय माजावर आली हे आपण तिच्या हंबरण्यावरून, दुसऱ्या जनावरावर चढण्यावरून आणि सोटावरून ओळखतो. परंतु हा सोट ठराविक दिवशीच का येतो, हे समजून घेतल्यास रेतनाची वेळ सहसा चुकत नाही. एक माज हुकला की सुमारे २१ दिवसांचा वैरण-खुराकाचा खर्च अंगावर पडतो आणि पुढचे वेतही तितकेच लांबते. या विषयाचे बरेचसे मूलभूत ज्ञान प्रयोगशाळेतील लहान प्राण्यांपासून, विशेषतः उंदराच्या मादीपासून मिळाले आहे. म्हणून सुरुवात तेथून करू.

उंदराच्या मादीतील चक्र

सन १९१७ मध्ये अमेरिकेत स्टॉकार्ड व पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यातील पेशींवरून माजाची अवस्था ओळखता येते, असे त्यांना आढळून आले. १९२२ मध्ये लाँग व इव्हान्स यांनी उंदराच्या चक्राचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हे चक्र ४ ते ५ दिवसांचे असून त्याच्या चार अवस्था आहेत.

१) माजपूर्व अवस्था : अंडाशयातील पुटके वाढतात व रक्तातील इस्ट्रोजेन वाढते. गर्भाशयात द्रव साठून ते फुगते. काचपट्टीवर केंद्रक असलेल्या गोल पेशी दिसतात.

२) माज : योनिमार्गाचे अस्तर जाड झालेले असते. त्याच्या वरच्या थरातील पेशी निबर होऊन पापुद्र्यासारख्या सुटतात. याच सुमारास स्त्रीबीज बाहेर पडते.

३) माजोत्तर अवस्था : जाड अस्तर गळून पडते व पांढऱ्या रक्तपेशी मोठ्या संख्येने येतात.

४) विश्रामावस्था : अस्तर पातळ असते व पट्टीवर मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशी आढळतात.

१९२३ मध्ये ॲलन व डॉयझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातील पुटकांचा द्रव काढला आणि अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांना टोचला. त्यांच्या योनिमार्गात माजासारखेच बदल दिसून आले. म्हणजेच हे बदल अंडाशयातून रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकामुळे होतात, हे सिद्ध झाले.

गाईचे चक्र २१ दिवसांचे का?

स्त्रीबीज सुटल्यानंतर पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो व तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. उंदरात समागम न झाल्यास हा पिंड लवकर निष्क्रिय होतो, म्हणून चक्र आखूड राहते. गाईत मात्र समागम झाला नाही तरी पीतपिंड सुमारे १६ ते १७ दिवस काम करतो. गर्भ नसल्यास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड विरघळतो आणि नवा माज येतो. संप्रेरके तीच, परंतु त्यांचे वेळापत्रक वेगळे. म्हणून उंदरातील दिवसांचा हिशोब गाईला लावता येत नाही.

इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गाईच्या गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो, गर्भाशयाचे मुख उघडते व काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट येतो. प्रोजेस्टेरॉनच्या काळात मुख बंद होते, स्राव घट्ट होतो आणि गर्भाशय गर्भ सांभाळण्यास तयार होते.

गोठ्यात काय करावे?

१) गाईत स्त्रीबीज माज संपल्यानंतर साधारणपणे १० ते १२ तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

२) माजानंतर एक ते तीन दिवसांनी काही गाई व कालवडींच्या योनीतून थोडे रक्त जाते. इस्ट्रोजेन कमी झाल्याने अस्तरातील बारीक रक्तवाहिन्यांतून ते येते. गाय उलटली किंवा गाभण राहिली, असा कोणताच अर्थ त्यावरून काढू नये. मात्र तारीख लिहून ठेवावी व पुढच्या माजाच्या दिवसांत लक्ष ठेवावे.

३) सोट गढूळ, पूमिश्रित किंवा दुर्गंधीयुक्त असल्यास रेतन करू नये. पशुवैद्यकाकडून तपासणी करून उपचार करावेत.

४) म्हशीत, विशेषतः उन्हाळ्यात, मुका माज आढळतो. अंडाशयाचे काम चालू असते, परंतु बाह्य लक्षणे क्षीण असतात. अशा म्हशींचे पहाटे व रात्री निरीक्षण करावे.

५) माजावर आणण्यासाठी दिले जाणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पीतपिंड विरघळविते. जनावर गाभण असल्यास त्यामुळे गर्भपात होऊ शकतो. त्यामुळे गर्भतपासणी झाल्याशिवाय व पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय ते कधीही देऊ नये. हे औषध कातडीतूनही शरीरात जाते. गरोदर स्त्रियांनी व दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये.

थोडक्यात, सोट, रक्त आणि मुका माज ही अंडाशयात चाललेल्या कामाची बाहेर दिसणारी चिन्हे आहेत. प्रत्येक जनावराच्या माजाची, रेतनाची व रक्तस्रावाची तारीख वहीत नोंदवावी. माजाच्या तारखेपासून अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवल्यास पुढचा माज हुकण्याची शक्यता बरीच कमी होते व दोन वेतांतील अंतर आटोक्यात राहते.