भरताचं वांगं

धुळे

चि. मुक्ता,

तुझ्या पुस्तकाची 16 पानं पोचली. शेतातली भरीत पार्टी, आजी आणि नात. रेषा झकास जमल्यात. भांडण आहे ते रंगांवरून.

पहिलं भांडण वांग्याचं. आजीच्या टोपलीत जांभळी वांगी? अगं, जळगावात वाढलीस ना तू! आपलं भरताचं वांगं फिकट हिरवं. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आणि तू त्याला परक्याचा झगा चढवलास.

दुसरं, पेटीतला प्रत्येक रंग प्रत्येक पानावर. मुलांना भडकच आवडतं, असं कुणीतरी तुला सांगितलेलं दिसतं. पहिल्या पानावर आकाश नारिंगी, तिसऱ्यावर आजीचं लुगडं नारिंगी, पुढे बैलाची झूलही. मग दहाव्या पानावर कपाशीच्या काड्या पेटतात तेव्हा जाळाला द्यायला उरलं काय? नारिंगी राखून ठेव. तोवर माती, काड्यांचा करडा आणि वांग्याचा हिरवा एवढ्यावर भागव. मातीही शाईसारखी काळी करू नकोस. हिवाळ्यात सुकली की ती राखेकडे झुकते. मग जाळ पेटला की त्याचा रंग आजीच्या गालावर, नातीच्या बोटांवर येऊ दे. पोरं तिथे थांबतील.

थोड्या रंगांची भीती वाटत असेल तर अजिंठ्याला जाऊन ये, जळगावहून साठेक किलोमीटर तर आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभी राहा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा तेवढा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. एवढ्यात तिथल्या चित्रकारांनी राजवाडे उभे केले.

रंगवून झालं की मोबाइलवर पानाचा कृष्णधवल फोटो काढ. तुझ्या पाचव्या पानाचा मी काढला, तर आजीचा हात आणि वांगं एकाच करड्या रंगात विरघळले. रंग वेगळे, पण उजेड सारखाच. हात सावळा कर, सुटेल.

आता छपाई. माझ्या पहिल्या पुस्तकातली रात्र संगणकावर काय सुंदर निळी दिसत होती! मॅपलिथो कागद ती शाई प्यायला आणि रात्रीचं डांबर झालं. वरची काळी अक्षरं पोरांना दिसेनात. छापखान्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, नमुना न पाहता होकार मीच दिला होता. पडद्यावर उजेड असतो. छापखान्यात निळी, किरमिजी, पिवळी, काळी एवढ्या चारच शाया. तुझा तो झगझगीत पोपटी त्यांतून निघायचा नाही. पुस्तकाचा जो कागद ठरेल, त्यावरच दोन पानांचा नमुना काढून घे. आणि मजकुराखाली फिकी जागा ठेव, चित्राचा मोह होईल तरी.

डिसेंबरात मी जळगावला येतोय. वांगी आणून ठेव. त्यातलं एक आधी रंगपेटीशेजारी ठेवून रंगव, मग भाजायला दे.

तुझा,
मामा